नलूची दक्षिणेच्या बोटीवरची जागा

मी, कुमारी मालती श्रावण नगराळे, वय एकाहत्तर, निवृत्त लघुलेखक, राहणार आर्णी रोड, यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि दाखल्यातल्या इंग्रजीच्या चुकाही दाखवल्या. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याइतके जवळचे माणूस आता उरलेले नाही.

नोकरीभर मी न्यायालयात बसून दुसऱ्यांच्या मृत्युपत्रांवरची भांडणे टाइप केली. सख्खे भाऊ एका लोखंडी पलंगासाठी शपथेवर खोटे बोलताना ऐकले. त्यामुळे कुठे काय लिहिले म्हणजे वकिलाला बोट घालायला जागा राहत नाही, हे मला कळते. या कागदात काही वाक्ये कायद्याला नको असलेली आहेत. ती मुद्दाम लिहिली आहेत. ती कोणी गाळू नयेत.

कलम १. आत्ताच का लिहिते. येत्या जानेवारीत मी दक्षिण अमेरिकेच्या टोकावरून बोटीने अंटार्क्टिकाला जाणार आहे. त्या समुद्रात बोट फार हलते, आणि माझ्या वयाची हाडे हलण्याच्या कामाची नसतात. परत येण्याचा माझा इरादा आहे, पण आग्रह नाही.

कलम २. मी कोण. माझे वडील श्रावण नगराळे कापसाच्या जिनात कामाला होते. दीक्षा घेतल्यावर त्यांनी ठरवले की मुलींनी साहेबांच्या भाषेत साहेबांना उत्तर द्यावे. म्हणून मला नन्सच्या कॉन्व्हेंटमध्ये घातले. माझी धाकटी बहीण नलू शाळेच्या वयाची झाली तेव्हा दुसरी फी भरण्याची ऐपत नव्हती, आणि ती नगर परिषदेच्या शाळेत गेली. या गोष्टीबद्दल तिने मला आयुष्यात एकदाही ऐकवले नाही. बाकी सगळ्या गोष्टींबद्दल ऐकवले.

कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट भूगोल शिकवत. मला स्वच्छ अक्षराबद्दल बक्षीस म्हणून त्यांनी दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या एका जहाजाचे सचित्र पुस्तक दिले. मी वर्गात उभी राहून म्हणाले की मीही जाईन. सिस्टर म्हणाल्या, ‘आधी नखे काप.’ वर्ग हसला. ते हसणे अजून माझ्या कानात आहे, आणि त्या वर्गातल्या ज्या ज्या हयात आहेत त्यांना माझ्या जाण्याची बातमी मी स्वतः फोन करून दिली आहे.

कलम ३. पुस्तके. त्या एका पुस्तकापासून जमवत जमवत माझे लोखंडी कपाट भरले. सगळी त्याच मुलखाची: बर्फाची, जहाजांची, माणसांची, पक्ष्यांची. नलू नर्स झाली, बोरी अरबला तिला नोकरी लागली, तिचे यजमान रामधन भगत तिथेच वारले. निवृत्तीनंतर ती यवतमाळला तिचा मुलगा रोशन याच्या घरी राहायला आली, माझ्यापासून दोन गल्ल्यांवर.

वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, मध्ये कोणी उठत नाही, आणि धरलेला ग्रंथ आश्विन पौर्णिमेपर्यंत संपवून खीर वाटतात. नलूने ठरवले की माझी पुस्तकेही अशीच वाचायची. दुपारी ती माझ्याकडे येई, स्वच्छ चादर अंथरायला लावी, आणि मी इंग्रजी पाहून मराठीत सांगत जाई. तिला मधे बोलायची मुभा होती, कारण ती मी दिली नसती तरी तिने घेतली असती.

‘घरी बायको, घरी लेकरं, अन हा बर्फ पाहाले चालला. याले घरून सोडलं कोनं वं, ताई?’

अंडे पायांवर घेऊन हिवाळाभर उभ्या राहणाऱ्या नर पेंग्विनबद्दल वाचले तेव्हा ती म्हणाली, ‘आपल्या इथच्या बाप्यायले दाखोव हे. च्याचा कप उचलून ठेवत नाहीत.’

तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, हे काही तिला पटले नाही. ‘मंग पाखरं झोपतात कवा?’ मी म्हणाले, पुस्तकात लिहिलेले नाही. ती म्हणाली, ‘मंग आपल्यालेच जाऊन पाहा लागते.’

बोट ठरली ती अशी. कल्पना तिची, पैसे दोघींचे, कागदपत्रे माझी. पासपोर्टच्या फोटोत ती हसली म्हणून फोटो पुन्हा काढावा लागला.

आणखी एक नोंद इथेच करते, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. वर्षावासात आमच्यात प्रत्येक जण काहीतरी नेम धरतो. कोणी रात्रीचे जेवण सोडतो, कोणी चहा. नलूचा नेम दरवर्षी एकच: तीन महिने कोणाशी वाद घालायचा नाही आणि कोणाला जाब विचारायचा नाही. उरलेल्या नऊ महिन्यांत ती भरपाई करत असे. पण ते तीन महिने तिचा नेम कधी मोडला नाही.

कलम ४. या वर्षी काय झाले. या वर्षीही आषाढ पौर्णिमेला आम्ही वाचन धरले. प्रवासापूर्वीचे शेवटचे, म्हणून मी पुस्तके निवडून क्रम लावला होता. नलू रोज आली. चादर अंथरली. पण मधे बोलली नाही. मला वाटले, थकली असेल. डॉक्टरांनी हृदयाची गोळी बदलली होती. एकदाच तिने विचारले. ध्रुव अगदी जवळ आला असताना एक तुकडी मागे फिरते, असा भाग होता.

‘ताई, हे मागं फिरले तं बाकीच्यायले काय सांगतलं त्यायनं?’

मी म्हणाले, ‘अन्न संपलं म्हणून सांगितलं.’

‘खरं सांगतलं असतं तं कोनं मारलं असतं का?’

ती माझ्याकडे पाहत होती. मी पुस्तकाकडे पाहत होते. मी पुढचे पान वाचले.

वर्षावास संपायला थोडे दिवस उरले असताना नलू वारली. सकाळी, पंख्याखाली, भाजी निवडताना.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातल्या विमलताई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मला वाटले, सांत्वन करतील. त्या म्हणाल्या, ‘मालतीबाई, जायचं नोहोतं तं नोहोतं. पन मरत्या बाईले आस दाखवून तोडाले नोको होती.’ मी विचारले, काय म्हणता. त्या म्हणाल्या, ‘आता कायले इचारता? नलूबाईनं आम्हाले सांगतलं होतं, ताईनं बोट रद्द केली म्हून. वरून म्हने, तिले बोलू नका, तिले वाईट वाटंल. अन तुमी रोज तिले पुस्तकं वाचून दाखोवता.’ आजूबाजूच्या बायका चटईकडे पाहत होत्या. त्या सगळ्यांना ठाऊक होते. मलाच ठाऊक नव्हते.

नलूची जागा आता रिकामी राहणार हे कळवायला मी नागपूरच्या प्रवास कंपनीत फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, ‘मॅडम, नलूबाईंचं तर जुलैमध्येच रद्द झालंय. त्यांच्याच फोनवरून मेल आला होता.’ नलूला इंग्रजीत मेल करता येत नव्हता. नलूला मराठीतही मेल करता येत नव्हता. मला का कळवले नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘अर्ज वेगवेगळे होते ना.’ त्या कंपनीशी माझे जे बोलणे झाले ते या कागदावर लिहिण्यासारखे नाही.

खरे मला दीपाने सांगितले. दीपा ही रोशनची बायको. ती घरी आली, उभीच राहिली, आणि म्हणाली, ‘मोठ्याई, ह्यायनं केलं ते. आईच्या फोनवरून. आईले सांगतलं का मोठ्याईनं दोघीचंबी रद्द केलं, तिले लाज वाटून राह्यली, तू इचारू नोको. मले वाटलं होतं वर्षावास झाला का आई तुमाले इचारतीलच.’ तिला रडू येत होते. मी तिला बसायला सांगितले आणि रोशनला बोलावणे पाठवले.

तो आला. मोठा माणूस आहे, शाळेत शिक्षक आहे, विहाराच्या समितीचा सचिव आहे. दारातच म्हणाला, ‘मोठ्याई, आई तिकडं बोटीवर गेली असती तं?’

मी म्हणाले, ‘इथे गेली.’

‘डॉक्टरनं सांगतलं होतं हार्ट कमजोर हाये म्हून. तुमी दोघी कोनाचं आयकत नोहोत्या. मी काय करतो मंग?’

‘भांडायचं होतंस. माझं नाव कशाला घेतलंस?’

तो चपला काढून आत आला. मग म्हणाला, ‘माझं नाव घेतलं असतं तं तिनं आयकलं नसतं. तुमच्यावर ती नाराज होत नोहोती.’

हे मी जसेच्या तसे लिहिले आहे. माझी लघुलिपी अजून चांगली आहे.

त्याला आईची भीती वाटत होती, हे मी मान्य करते. त्याने पैशासाठी केले नाही, हेही मान्य करते. तिचे पैसे त्याने हात न लावता तिच्याच खात्यात ठेवले. पण नलू तीन महिने माझ्यासमोर बसून, मी खोटे बोलते आहे असे समजून, माझे खोटे सांभाळत होती. मी लाजेन म्हणून ती गप्प होती. नेम संपल्यावर तिने विचारले असते. नेम संपायच्या आत ती संपली.

मी रोशनला म्हणाले, विहारात उभा राहा आणि सांग. तो म्हणाला, ‘सांगतो, मोठ्याई, थोडं थांबा.’ मी थांबले आहे. मी स्वतः का सांगत नाही, असे कोणी विचारेल. आरोपीच्या स्वतःच्या तोंडच्या साक्षीला काय किंमत असते ते मी नोकरीभर टाइप केले आहे. विमलताई ‘हो, हो’ म्हणतील आणि घरी जाऊन म्हणतील, पाहा, आता पोरावर ढकलते.

कलम ५. घर. आर्णी रोडवरील माझे राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे; त्यात कोणाचाही वडिलोपार्जित हक्क नाही. चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस मोकळा प्लॉट, उत्तरेस शाळेची भिंत, दक्षिणेस फुलचंद यांचे घर व त्यांनी माझ्या हद्दीत दीड फूट सरकवलेली नाली. हे घर मी सौ. दीपा रोशन भगत हिला एकटीला देते. रोशनने त्यात दीपा त्याला सहन करील तोपर्यंत राहावे. दीपाला घर देण्याचे कारण, माझ्या दारात येऊन खरे बोलणारी या वर्षात ती एकटीच होती. नालीचा दावाही मी तिला घरासोबत देते. तो तिने सोडू नये.

कलम ६. निवेदन. मी, मालती श्रावण नगराळे, गंभीरपणे असे निवेदन करते की माझी बहीण नलू रामधन भगत हिची दक्षिणेच्या बोटीवरची जागा मी रद्द केलेली नाही. माझीही रद्द केलेली नाही. या वर्षीचे वाचन मी तिला समजूत काढण्यासाठी ऐकवत नव्हते; आम्ही दोघी जाणार होतो म्हणून ऐकवत होते. जी जागा रद्द झाली ती माझ्या माहितीवाचून रद्द झाली. एवढेच.

कलम ७. किरकोळ वस्तू. टाइपरायटर माझे जुने सहकारी भीमसिंग राठोड यांना द्यायचा होता. पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही दिले की वकिलाला त्याच्या साक्षीत बोट घालायला जागा मिळते. टाइपरायटर हवा की साक्ष, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, ‘बाई, घरी ठेवाले जागा नाही. सही करतो.’ तेव्हा टाइपरायटरही दीपाकडे जाईल. स्टीलची भांडी विहाराला. गरम कोट, लोकरीचे मोजे आणि रबरी बूटही दीपाला; मी परत आले तर ते नवेच असतील, कारण त्या लोकांचा नियम असा की किनाऱ्यावर पाय ठेवण्यापूर्वी बूट धुवून, कपडे झाडून घ्यायचे, एकही कुसळ किंवा बी तिकडे जाता कामा नये. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाच्या कपड्यांतून ते काढायला त्यांना वेळ लागेल.

कलम ८. पुस्तके आणि जागा. बँकेत माझी जी ठेव राहील तिच्यातून अंत्यविधीचा खर्च वजा जाता पहिला उपयोग हा: रोशन रामधन भगत याच्यासाठी त्याच बोटीची एक जागा घ्यावी. तो गेला नाही तर ठेव विहाराच्या छपराला जाईल, आणि मला त्याचे वाईट वाटणार नाही. पण गेला तर रिकाम्या डोक्याने जाऊ नये. कपाटातली पुस्तके त्याने आधी वाचावीत, एका वर्षावासात, मोठ्याने, कोणीतरी समोर बसलेले असताना. क्रम असा: आधी पक्ष्यांचे, कारण ते सोपे आहे आणि त्यात कोणी मरत नाही, म्हणजे फक्त पक्षी मरतात. मग तळावरच्या स्वयंपाक्याचे. एकाच खोलीत हिवाळाभर कोंडलेली माणसे एका चमच्यावरून कशी भांडतात ते त्यात आहे, आणि समितीच्या सचिवाला ते उपयोगी पडेल. मग देवमासे मारणाऱ्यांचे. ते वाचताना जेवू नये. मग बर्फात अडकलेल्या जहाजाची दोन, एक कप्तानाने लिहिलेले व एक त्याच्या सुताराने. त्याच दिवसांबद्दल दोघांचे लिहिणे जुळत नाही. कोणाचे खरे, यावर नलू आणि मी दोन वर्षे भांडलो. नलू सुताराच्या बाजूने होती. शेवटी सिस्टर बर्नाडेट यांचे बक्षीस. त्यातली चित्रे रोशनला आवडतील. लहानपणी त्याने त्यातल्या एका कुत्र्याला मिशा काढल्या आहेत.

या वर्षीच्या वाचनातला सुताराच्या पुस्तकाचा शेवटचा भाग नलूने ऐकायचा राहिला. तो मी बोटीवर एकटीने वाचीन.

कलम ९. मी गेले तर. यवतमाळला मेले तर त्रिसरण, पंचशील, दहन, आणि भाषणे नकोत. बोटीवर मेले तर ज्या बंदरात उतरवतील तिथेच जे करायचे ते करावे. प्रेत आणण्याच्या खटपटीत कोणी पडू नये. बोटीवर आपल्या बाजूची रिकामी जागा दुसऱ्या कोण्या बाईला देऊ का, असे कंपनीने विचारले होते. मी नाही म्हणून कळवले आहे, आणि जादा आकार भरला आहे.

कलम १०. वाचन. भीमसिंग राठोड यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या वर्षावासाच्या खीरदानाच्या दिवशी, सगळ्या बायका बसल्या असताना, हे मृत्युपत्र पहिल्या ओळीपासून विहारात मोठ्याने वाचले जावे, आणि ते रोशनने वाचावे. ही अट कायद्याने टिकणार नाही, हे मला माहीत आहे. न्यायालय कोणाला विहारात उभे राहायला लावत नाही. म्हणून ही अट नाही, ही माझी मागणी आहे, आणि ती मी त्याच्या आईची बहीण म्हणून करते.

माझ्या हयातीत रोशनने स्वतः उठून सांगितले, तर हे कलम रद्द समजावे आणि कागद भीमसिंगांनी आपल्याजवळच ठेवावा. तोवर रोशनला मुदत आहे. ती किती, हे डॉक्टरांनीही सांगितलेले नाही.

वाचायची वेळ आलीच, तर कलम सहा त्याने दोनदा वाचावे. एकदा बायकांसाठी, नेहमीच्या आवाजात. मग पाणी प्यावे, आणि दुसऱ्यांदा आवाज चढवून वाचावे. आम्ही आत्मा मानत नाही. मीही मानत नाही. पण नलूला डाव्या कानाने कमी ऐकू यायचे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि तो मला मान्य आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. देण्यासारखे माणूस होते तोवर त्याची गरज पडली नाही.

सही: मालती श्रावण नगराळे

साक्षीदार. आम्हा दोघांसमक्ष बाईंनी सही केली व बाईंसमक्ष आम्ही केली. मजकूर आम्हाला वाचून दाखवलेला नाही.

१. भीमसिंग राठोड, निवृत्त बेलीफ, राहणार यवतमाळ

२. विमल फकिरा ढोके, राहणार यवतमाळ

ठिकाण: यवतमाळ
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५, सोमवार